टाकाऊ वेष्टनांपासून चिमणाळे

चिमणाळे म्हणजे पाळण्यातील तान्ह्या बाळाच्या दृष्टीच्या टप्प्यात टांगलेले, हवेच्या झुळुकीने किंवा पाळण्याच्या हेलकाव्याने हलणारे खेळणे होय. इंग्रजीच्या प्रभावामुळे शहरी बोलण्यात त्यास 'मोबाईल' किंवा 'पाळण्याचे झुंबर' असेही म्हटले जाते. घरात येणाऱ्या वस्तूंची वेष्टने, म्हणजे पुठ्ठ्याची खोकी, साबण-टूथपेस्टचे डबे, दूध व फळांच्या रसाची खोकी, अंड्यांचे कागदी ट्रे इत्यादी, वापरून असे चिमणाळे घरी बनवता येते. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या चिमणाळ्याचे साहित्य, घडण, तोल आणि सुरक्षितता यांची माहिती दिली आहे.

इतर खेळण्यांहून चिमणाळे दोन बाबतींत वेगळे आहे. ते हाताळण्यासाठी नसून केवळ पाहण्यासाठी असते, आणि त्याचे उपयुक्त आयुष्य जेमतेम चार-पाच महिन्यांचे असते. अल्पायुषी व हलक्या वस्तूसाठी टाकाऊ पुठ्ठा हे योग्य साहित्य ठरते. मात्र वेष्टनाला पूर्वायुष्य असते. त्यात काय भरले होते, ते कशाने चिकटवले होते आणि कोठे साठवले होते, यावर ते बाळाजवळ आणण्यायोग्य आहे की नाही हे अवलंबून असते.

नाव व परंपरा

'चिमणाळे' हा शब्द 'चिमणी' या शब्दापासून बनला आहे. पारंपरिक चिमणाळ्यात लाकडाच्या किंवा कापडाच्या चिमण्या, राघू, मैना अशी पाखरे एका चौकटीला अथवा कड्याला दोऱ्यांनी टांगलेली असतात. मध्ये रंगीत मणी, खाली लोकरीचे वा रेशमाचे गोंडे आणि क्वचित घुंगरू अशी त्याची रचना असते. बारशाच्या दिवशी पाळणा सजवताना त्याच्या वरच्या कडीला किंवा आडव्या दांड्याला चिमणाळे बांधण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक घरांत आहे.

कापडी पाखरे बहुधा शिवणकामातून उरलेल्या तुकड्यांची करून त्यांत कापूस भरत. त्या दृष्टीने चिमणाळे हे पूर्वीपासूनच उरल्यासुरल्या वस्तूंतून घडत आले आहे. गोधडी आणि चिमणाळे यांचे कापड एकाच गाठोड्यातून निघे. पुठ्ठ्याचे चिमणाळे हा त्याच सवयीचा पुढचा टप्पा मानता येईल. घरात उरणारी वस्तू आता चिंधीऐवजी खोके झाली आहे, इतकाच फरक.

हलत्या टांगत्या रचना इतर संस्कृतींतही आढळतात. फिनलंडमध्ये राय या धान्याच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून 'हिम्मेली' नावाच्या भौमितिक रचना करतात व नाताळच्या सुमारास जेवणाच्या मेजावर टांगतात. इटालियन कलावंत ब्रुनो मुनारी यांनी १९३३ पासून रंगवलेला पुठ्ठा, हलके लाकूड व रेशमी दोरा यांपासून 'निरुपयोगी यंत्रे' या नावाने टांगत्या रचना केल्या. मोन्तेसरी पद्धती अनुसरणाऱ्या पालकांमध्ये नवजात बाळासाठी वापरले जाणारे काळ्या-पांढऱ्या भौमितिक आकारांचे चिमणाळे आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

'मोबाईल' हे नाव मात्र कलाक्षेत्रातून आले. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) यांच्या हलत्या शिल्पांना फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९३१ मध्ये हे नाव सुचवले. काल्डर यांचे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे होते. दांड्यामागून दांडा तोलत जाण्याची त्यांची रीत आज घरगुती चिमणाळ्यातही वापरली जाते. टाकाऊ वेष्टन त्यांनाही वर्ज्य नव्हते. टिनच्या डब्यांचा पत्रा कापून त्यांनी पक्षी घडवले आहेत. १९५५ मध्ये ते अहमदाबाद येथे साराभाई कुटुंबाकडे राहिले होते व तेथेही त्यांनी काही शिल्पे केली.

महाराष्ट्रात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कामाला अरविंद गुप्ता यांच्यामुळे व्यापक ओळख मिळाली. पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे हे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांची खेळणी शाळकरी मुलांनी स्वतः करून, मोडून, विज्ञान समजून घेण्यासाठी आहेत. त्यांतील आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांसारखे साहित्य तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर वापरण्यासाठी नाही. 'टाकाऊतून टिकाऊ' या एकाच नावाखाली दोन्ही गोष्टी येत असल्याने हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

बाळाची दृष्टी आणि चिमणाळे

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरील वस्तू सर्वांत बरी दिसते. दूध पिताना बाळ आणि आईचा चेहरा यांत जवळजवळ एवढेच अंतर असते. या वयात बारीक तपशील दिसत नाहीत. फिकट रंगांतील फरकही फारसा जाणवत नाही. गडद व उजळ यांतील ठळक भेद मात्र जाणवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी केलेल्या प्रयोगांत पाच दिवसांहून लहान बाळेदेखील एकरंगी चकतीपेक्षा नक्षी असलेल्या चकतीकडे अधिक वेळ पाहतात असे आढळले. रंगदृष्टी पुढील काही महिन्यांत झपाट्याने सुधारते आणि चार महिन्यांच्या सुमारास बाळाला रंग चांगल्या प्रकारे ओळखता येऊ लागतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिल्या दोन महिन्यांच्या चिमणाळ्यासाठी काळा-पांढरा किंवा तत्सम ठळक भेद पुरेसा असतो. बाजारात लोकप्रिय असलेले फिके गुलाबी-आकाशी रंग बाळापेक्षा पाहुण्यांना अधिक दिसतात. दुसरे असे की, नक्षी मोठी हवी. एक ते दोन सेंटिमीटर रुंदीचे पट्टे, मोठे ठिपके वा चौकडी योग्य. वेष्टनावर छापलेली बारीक अक्षरे व चित्रे बाळाच्या दृष्टीने केवळ करडा डाग असतात.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पाहण्याच्या कोनाचा आहे. पुठ्ठ्यावर काढून कापलेला आणि उभा टांगलेला पक्षी खोलीत उभ्या असलेल्या माणसाला पूर्ण दिसतो. खाली उताण्या निजलेल्या बाळाला त्याची केवळ दोन मिलिमीटर जाडीची कड दिसते. घरी केलेल्या चिमणाळ्यांतील हा सर्वांत सामान्य दोष आहे, आणि विकतच्या अनेक चिमणाळ्यांतही तो असतो. म्हणून आकृती आडव्या, म्हणजे नक्षीची बाजू जमिनीकडे करून टांगतात, किंवा चौकोनी, शंकूसारखे, चेंडूसारखे घन आकार वापरतात. चिमणाळे तयार झाल्यावर पाळण्याखाली किंवा जमिनीवर स्वतः उताणे निजून ते एकदा पाहणे हा त्याची परीक्षा करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

चिमणाळ्याने बाळाचे केवळ मन रमते असे नाही; बालमानसशास्त्रातील एका महत्त्वाच्या संशोधनाचे ते साधनही ठरले. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी आपल्या लहान मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी केलेल्या युक्तीतून एक प्रयोगपद्धती विकसित केली व १९६९ मध्ये तिच्यावरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. तीत बाळाच्या घोट्याला बांधलेल्या फितीचे दुसरे टोक चिमणाळ्याला जोडलेले असे. पाय झाडल्यावर चिमणाळे हलते हे बाळाच्या काही मिनिटांतच लक्षात येई आणि ते अधिक जोराने पाय झाडू लागे. तीन महिन्यांच्या बाळांना हे सुमारे आठवडाभर, तर सहा महिन्यांच्या बाळांना सुमारे दोन आठवडे स्मरते असे पुढील प्रयोगांत दिसून आले. शिकल्यानंतर दुसऱ्या दिवशी अगदी निराळे चिमणाळे टांगले तर लहान बाळे पाय झाडत नसत. म्हणजे त्यांना नेमके तेच चिमणाळे आठवत असे. हे प्रयोग सतत देखरेखीखाली होत असत. बाळाच्या पायाला वा हाताला फीत बांधण्याचा हा प्रकार घरी करणे धोक्याचे आहे.

साहित्याची निवड

वेष्टने निवडताना ती दिसतात कशी यापेक्षा त्यांत आधी काय होते हे पाहणे आवश्यक आहे. जंतुनाशके, डास मारण्याची साधने, उंदरांचे औषध, रंग, तेलाचे डबे आणि धुण्याच्या तीव्र पावडरी यांची खोकी पूर्णतः वर्ज्य मानावीत. अगरबत्ती, धूप व सुगंधी साबण यांच्या खोक्यांचा वास महिनोन्महिने टिकतो. नवजात बाळाच्या नाकापासून हातभर अंतरावर तो नको. काडेपेटीच्या बाजूंवर फॉस्फरसयुक्त लेप असल्याने, आकाराने सोयीची असूनही काडेपेटी वापरत नाहीत.

सर्वांत उपयोगी साहित्य म्हणजे टूथपेस्ट, चहा, बिस्किटे इत्यादींच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा. तो एका बाजूने पांढरा व छापील, तर दुसऱ्या बाजूने बहुधा राखाडी असतो. राखाडी बाजू रद्दी कागदाच्या लगद्याची असते व तीत जुन्या छपाईच्या शाईचे अंश असू शकतात. त्यामुळे तिच्यावर स्वच्छ पांढरा कागद चिकटवून मगच नक्षी करणे चांगले. मालवाहतुकीच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घन आकारांसाठी बळकट असतो, परंतु त्याच्या नाल्यांत झुरळांची अंडी व धूळ राहते. किराणा दुकानात किंवा गोदामात दीर्घकाळ पडून असलेले खोके याबाबतीत विशेष संशयास्पद असते. असा पुठ्ठा घ्यायचाच झाल्यास तो कोरड्या जागेतून नुकताच आलेला असावा. तो कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावा आणि कापलेल्या कडा कागदी पट्टीने बंद कराव्यात.

दूध व रसाची जाड खोकी कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम यांच्या थरांची बनलेली असतात. वजनाने यांतील सुमारे तीन चतुर्थांश भाग कागदाचा असतो. रिकामे होताच खोके उलगडून साबणाच्या पाण्याने धुतले व वाळवले तर त्याची आतली चंदेरी बाजू प्रकाश परावर्तित करणारे उत्तम साहित्य ठरते, आणि दमट हवेतही तिचा आकार टिकतो. दुसऱ्या दिवसापर्यंत न धुता ठेवलेल्या दुधाच्या खोक्याचा आंबूस वास मात्र पुढे जात नाही. थेट उन्हाची तिरीप पडेल अशा ठिकाणी चंदेरी बाजू बाळाच्या डोळ्यांवर चमकत नाही ना, हे पाहावे लागते.

अंड्यांच्या कागदी ट्रेचे खळगे कापून फुले किंवा घंटा चांगल्या होतात. तथापि फुटलेल्या अंड्याचे डाग असलेला ट्रे घेऊ नये. अंड्यांच्या कवचावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात व लगद्याचा ट्रे धुता येत नाही. या कारणास्तव काही जण असे ट्रे टाळतातच, आणि नवजात बाळाच्या बाबतीत ते योग्यच म्हणावे लागेल.

वेफर्स व तत्सम खाऊच्या चकचकीत पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि पातळ प्लास्टिकची कोणतीही वेष्टने पाळण्याजवळ आणत नाहीत. पुडीच्या चुरचुर आवाजाकडे बाळ वळून पाहते हे खरे असले, तरी पातळ पापुद्रा तोंडावर पडून नाक-तोंड झाकले गेल्यास लहान बाळाला तो दूर करता येत नाही. थर्माकोलचे दाणे सुटतात व श्वासमार्गात अडकू शकतात. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या चकाकतात, पण त्यांच्या कडा धारदार असतात आणि खळग्यांत औषधाची भुकटी उरते. खोक्यांत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, भेटवस्तूंतील चपट्या गोल बॅटऱ्या व लहान चुंबके कामाला लागण्यापूर्वीच वेगळी करून टाकून द्यावीत. गिळलेली चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर इजा करू शकते.

वर्तमानपत्राचा कागद शाईमुळे उघडा वापरत नाहीत. भारतात २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार खाद्यपदार्थ बांधण्यासाठीही वर्तमानपत्र वापरता येत नाही. दुकानाच्या पावतीचा गुळगुळीत कागद उष्णतेने छापणारा असतो व त्यावर बहुधा बिस्फेनॉल गटातील रसायनांचा लेप असल्याने तोही वगळावा.

चिकटवण, दोरा व रंग

चिकटवण्यासाठी पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक किंवा घरी शिजवलेली कणकेची वा मैद्याची खळ वापरतात. आकाशकंदील करणाऱ्या घरांत खळ करण्याची सवय असते. मात्र कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बुकबाइंडरांची व काही कंदीलकारांची रीत येथे अजिबात अनुसरू नये. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. ते विषारी आहे. मोरचुदाविना खळ पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कोकणासारख्या दमट भागात आणि जून ते सप्टेंबर या काळात पांढरा डिंकच बरा. उग्र वासाचे रबरी सोल्यूशन टाळावे. कोणतीही चिकटवण पूर्ण वाळून वास जाईपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, चिमणाळे दुसऱ्या खोलीत ठेवतात.

दोरा सुती व मध्यम जाडीचा, गाठ न सरकणारा असावा. नायलॉनचा दोरा बारीक व कापणारा असतो, त्यात गाठही सुटते. पतंगाच्या मांजाचा विचारही करू नये. टाचण्या, स्टेपलरच्या पिना आणि उघडी तार यांना या कामात स्थान नाही. प्रत्येक दोरा पुठ्ठ्यातील छिद्रातून ओवून मागे गाठ मारतात व वर कागदाची चकती चिकटवतात. केवळ डिंकाने चिकटवलेला दोरा दमट हवेत सुटतो.

काळ्या-पांढऱ्या नक्षीसाठी रंगापेक्षा कागद कापून चिकटवणे सोपे व सुरक्षित असते. रंग वापरायचाच असल्यास मुलांसाठीचे पाण्यातले रंग घेतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुन्या अर्धवट डब्यांतील तैलरंगांना ही खात्री लागू होत नाही. चमकी, टिकल्या, आरसे, मणी आणि घुंगरे ही पारंपरिक चिमणाळ्याची शोभा खरी, परंतु सुटून पडणारी प्रत्येक वस्तू अखेर बाळाच्या तोंडाशी पोहोचते.

घडण

आडव्या दांड्यासाठी २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, टोके घासून गोल केलेली बांबूची काडी योग्य असते. नारळाच्या झाडूचे हीर वजनाला हलके, पण टोकदार व लवकर मोडणारे असतात. दांड्याऐवजी नालीदार पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत फुलीसारख्या अडकवूनही चौकट होते. तिच्या चार टोकांना चार व मध्यभागी एक अशा पाच आकृती टांगतात. नवख्या करणाऱ्यास फुलीची चौकट सोपी जाते, कारण समान वजनाच्या आकृती समोरासमोर टांगल्या की ती आपोआप तोलली जाते. तिचा दोष एवढाच की तिच्यातील आकृती स्वतंत्रपणे न फिरता सगळ्या एकत्र फिरतात.

आकृती तीन ते पाच पुरेशा होतात. त्याहून अधिक झाल्यास दोरे गुंततात आणि बाळाच्या नजरेला ठाव मिळत नाही. प्रत्येक आकृती आठ ते बारा सेंटिमीटर असावी. चिमणी करावयाची झाल्यास पातळ पुठ्ठ्याचे वरून पाहिलेल्या उडत्या पक्ष्यासारखे, पंख पसरलेले शरीर कापतात, खालच्या बाजूवर रुंद पट्टे चिकटवतात, पंख किंचित वर मुडपतात आणि पाठीवर तोलाच्या बिंदूशी एकच दोरा ओवतात. असा पक्षी आडवा तरंगतो, खालून पूर्ण दिसतो व मुडपलेल्या पंखांमुळे हलक्या झुळुकीतही गिरकी घेतो. तोलाचा बिंदू शोधण्यासाठी पक्षी बोटाच्या टोकावर आडवा ठेवून पाहतात; जेथे तो कोणत्याच बाजूला कलत नाही तेथे छिद्र पाडतात. डोके जड वाटल्यास शेपटीच्या वरच्या बाजूला पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवला की काम भागते.

घन आकारांसाठी समान मापाच्या आठ समभुज त्रिकोणांचा अष्टफलक करतात किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या खाचा पाडून एकमेकींत अडकवतात. या दोन्हींना कोणत्याही बाजूने पाहिले तरी आकार दिसतो.

तोल

अनेक दांड्यांचे चिमणाळे नेहमी खालून वर बांधत जातात. सर्वांत खालचा दांडा प्रथम तोलून पूर्ण करतात. त्याचे एकूण वजन ही वरच्या दांड्याच्या एका टोकाची एक 'आकृती' समजून पुढे जातात. वरून सुरुवात केल्यास खाली केलेल्या प्रत्येक बदलाने वरचे सगळे तोल बिघडतात.

तोलाचा नियम तरफेचा आहे. आधारबिंदूच्या दोन्ही बाजूंना वजन व अंतर यांचा गुणाकार समान असला पाहिजे. समजा, २५ सेंटिमीटरच्या दांड्याच्या एका टोकाला ६ ग्रॅमची व दुसऱ्या टोकाला ४ ग्रॅमची आकृती आहे. दांड्याचे वजन नगण्य धरल्यास वरचा दोरा जड आकृतीपासून १० सेंटिमीटरवर बांधावा लागेल, कारण ६ × १० आणि ४ × १५ दोन्ही ६० होतात. दांडा स्वतः २ ग्रॅमचा असेल तर हा बिंदू मध्याकडे सुमारे ४ मिलिमीटर सरकतो. घरगुती तराजूवर एवढी अचूक वजने घेता येत नाहीत आणि त्याची गरजही नसते. दोरा सैल गाठीने बांधून दांड्यावर पुढेमागे सरकवतात, तोल साधला की गाठ घट्ट करून तीवर डिंकाचा थेंब लावतात.

सरळ दांड्याच्या बाबतीत एक अडचण येते. आकृतींचे दोरे आणि वरचा दोरा एकाच उंचीवर असल्यास दांडा जेथे कलतो तेथेच राहतो. पूर्ववत होत नाही. दोन्ही टोके मधल्या बिंदूपेक्षा किंचित खाली आली की वजनाचा मध्य आधाराच्या खाली जातो व चिमणाळे हलल्यावर पुन्हा आपल्या जागी येते. म्हणून बांबूची पातळ कांब ओली करून, कमानीसारखी वाकवून वाळवतात. काल्डर यांच्या शिल्पांतील तारांची सुबक वळणे केवळ शोभेची नाहीत, हे येथे ध्यानात येते.

टांगण्याची पद्धत

चिमणाळे बाळाच्या तोंडाच्या नेमके वर न टांगता छातीच्या वर व थोडे एका बाजूस टांगतात. नवजात बाळाची मान बहुधा एका बाजूला वळलेली असते, त्यामुळे थेट वरचे त्याला फारसे दिसत नाही. आणि चिमणाळे दुर्दैवाने पडलेच तर ते चेहऱ्यावर पडत नाही. पहिल्या आठवड्यांत बाळापासून ३० ते ४० सेंटिमीटर उंची ठेवतात. बाळ हात उंच करू लागले की ते त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर वर घेतात. दृष्टीचा टप्पा व हाताचा टप्पा यांत ओढाताण झाल्यास आकृती मोठ्या कराव्यात, दोरा लांबवू नये.

महाराष्ट्रातील घरांत पाळण्याचे प्रकार भिन्न असल्याने टांगण्याची जागाही बदलते. कडीला दोऱ्यांनी टांगलेल्या लाकडी पाळण्यात चिमणाळे त्या कडीलाच बांधल्यास ते झोक्याबरोबर फिरते आणि बाळापासूनचे त्याचे अंतर फारसे बदलत नाही. छतापासून स्वतंत्र टांगल्यास पाळणा खाली येतो-जातो व आकृती बाळाच्या नजरेसमोरून सरकत राहतात. मात्र जोराचा झोका दिल्यास पाळण्याचे दोरे चिमणाळ्यात अडकू शकतात. कापडाच्या झोळीत बाळाला वरची केवळ अरुंद फट दिसते आणि झोळीचे कापड बाळाच्या अंगाशी मिटत असते, त्यामुळे झोळीवर चिमणाळे टांगू नये. बाळ जमिनीवर दुपट्यावर जागे असताना ते जवळच्या खिडकीच्या गजाला बांधलेल्या काठीवरून लोंबते ठेवणे अधिक सोयीचे. छताच्या पंख्याच्या थेट झोतात चिमणाळे सतत गरगरते, दोरे पिळले जातात आणि बाळ नजर फिरवून घेते. पंख्याच्या दांड्याला ते कधीही बांधू नये.

संपूर्ण चिमणाळ्याचे वजन ५० ग्रॅमच्या आसपास असले, तरी वरचा आकडा व दोरा त्याच्या अनेक पट वजन पेलणारे हवेत. एक किलो साखरेची पिशवी त्याच जागी काही वेळ टांगून पाहणे ही साधी चाचणी आहे. ती करताना पाळण्यात बाळ नसावे हे सांगावयास नको.

सुरक्षितता

सर्वांत मोठा धोका पडण्याचा नसून दोऱ्याचा आहे. मानेभोवती किंवा बोटाभोवती गुंडाळला गेलेला दोरा लहान बाळाला सोडवता येत नाही. १८ महिन्यांखालील मुलांच्या खेळण्यांतील मोकळ्या दोरीची लांबी युरोपीय मानकात २२ सेंटिमीटर, तर अमेरिकी मानकात सुमारे ३० सेंटिमीटर एवढी मर्यादित ठेवली आहे. घरी करताना प्रत्येक आकृतीचा दोरा १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा लांब न ठेवणे आणि कोठेही फास होईल असा मोकळा वळसा न सोडणे उचित ठरते.

लहान तुकड्यांच्या परीक्षेसाठी मानकांत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे तिरप्या तळाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावणारा भाग तीन वर्षांखालील मुलांसाठी धोकादायक समजला जातो. घरी यासाठी कागदी रुमालाच्या गुंडाळीतील पुठ्ठ्याची नळी चालते; ती थोडी मोठी असल्याने निकष अधिक कडक होतो. चिमणाळ्यातील कोणताही भाग ओढून सुटत असेल व या नळीतून जात असेल तर तो काढून टाकतात.

बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागले, किंवा पाच महिन्यांचे झाले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा चिमणाळे उतरवतात. अमेरिकेत पाळण्यावर लावावयाच्या चिमणाळ्यांवर अशा आशयाचा इशारा छापावा लागतो. ही मर्यादा पाळली जात नाही असे वारंवार दिसते, कारण याच सुमारास बाळ चिमणाळ्याकडे पाहून हसू लागते, हात पुढे करते आणि ते काढणे घरच्यांच्या जिवावर येते. परंतु हात पुढे करणे हीच त्याची मुदत संपल्याची खूण आहे. चिमणाळे हे जागेपणी पाहावयाचे खेळणे आहे. बाळ झोपल्यावर पाळण्यात व त्याच्या अगदी वर काहीही न ठेवणे श्रेयस्कर. बाळ एकटे असताना चिमणाळे त्याची देखरेख करत नाही.

भारतात विक्रीसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून 'खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०' लागू असून त्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे बंधनकारक आहे. यांत्रिक सुरक्षिततेची मानके आयएस ९८७३ या मालिकेत आहेत. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट देण्यात आली आहे. स्वतःच्या घरातील बाळासाठी केलेल्या वस्तूची तपासणी कोणी करत नाही. त्यामुळे ती करणाऱ्यानेच करावी लागते. आठवड्यातून एकदा गाठी, कडा व आकडा पाहणे, धूळ कोरड्या फडक्याने टिपणे आणि पुठ्ठा मऊ पडला, बुरशीचा वास आला किंवा कीड दिसली तर ती आकृती बदलणे, एवढी देखभाल पुरते.

उतरवल्यानंतर

पारंपरिक कापडी चिमणाळी पुष्कळ घरांत ट्रंकेत जपून ठेवतात व पुढच्या बाळाच्या बारशाला पुन्हा काढतात. पुठ्ठ्याचे चिमणाळे एखाददुसऱ्या पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. दोरे व कागदी थर काढून साधा पुठ्ठा रद्दीत देता येतो. दूध-रसाच्या खोक्याचे तुकडे मात्र साध्या रद्दीत न मिसळता वेगळे द्यावे लागतात, कारण त्यांतील थर वेगळे करण्यासाठी निराळी यंत्रणा लागते. रंग, डिंक व कागद यांनी एकजीव झालेल्या आकृती बहुधा कोरड्या कचऱ्यात जातात. बांबूची कांब पुन्हा वापरता येते. कडीला राहिलेला दोऱ्याचा तुकडा आणि आकडा त्याच वेळी काढून टाकतात. उभे राहू लागलेले मूल सर्वप्रथम तोच पकडते.